शब्दचर्चा: चीनची 'भिंत' का? 'तट' का नाही?

घाटवाट:
मुलांच्या एका मासिकासाठी जगभरातल्या जुन्या संरक्षक बांधकामांवरची लेखमाला मराठीत आणतेय आणि पहिल्याच पानावर अडलेय. इंग्रजीत सगळ्यांना एकच शब्द, वॉल. चीनची वॉल, ब्रिटनमधली रोमन बादशहा हेड्रियनची वॉल, कॉन्स्टँटिनोपलच्या (आजच्या इस्तंबूलच्या) वॉल्स, बर्लिनची वॉल. आपणही हात सैल सोडून सगळ्याला 'भिंत' म्हणत आलोय. पण राजगडाच्या संजीवनी माचीला 'दुहेरी भिंत आहे' असं कुणी म्हटलं तर ट्रेकमधली पोरं हसतील. गडाला तट असतो, गावाला कूस असतं, शहराला कोट असतो. भिंत असते ती घराला. मग चीनने काय पाप केलंय?

दुसरा प्रश्न 'लिमेस' या रोमन शब्दाचा. सीमा म्हणू, सरहद्द म्हणू, की आणखी काही?

जुना बाजार:
ताई, माझी कसोटी सोपी आहे. फांजी आहे का ते बघा. तटाच्या माथ्यावरून पहारेकऱ्याला फिरता येईल अशी जी रुंद वाट असते ती फांजी. तिच्या बाहेरच्या कडेला आडोशासाठी चर्या, आणि बंदुकीची नळी बाहेर काढायला जंग्या. ज्याच्या माथ्यावर उभं राहून लढता येतं तो तट. ज्याच्या फक्त आडोशाला बसता येतं ती भिंत.

या हिशेबाने चीनच्या भिंतीवर बीजिंगजवळच्या बादालिंगला पर्यटक ज्यावरून चालतात तो सरळसरळ तट आहे. फांजी आहे, चर्या आहेत, ठरावीक अंतरावर बुरूज आहेत. हेड्रियनच्या बांधकामाचं मात्र अवघड आहे. ते आज कुठेही पूर्ण उंचीनं उभं नाही, त्यामुळे वरून पहारा फिरत होता की नाही यावर अभ्यासक अजून भांडतात. मी तिथे 'भिंत' म्हणून मोकळा होईन.

स्लिपमधला:
वॉल म्हणजे द्रविड. पुढचा धागा?

हायडेलबर्गी:
स्लिपमधला, हसले. पण जर्मन माणूस द्रविडला काय म्हणेल हा प्रश्न अगदीच फुकट नाही. इथे तीन शब्द आहेत आणि एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

घरातली, जिच्यावर फोटो टांगतात ती 'वांड'. हा शब्द विणणे-वळणे या अर्थाच्या क्रियापदाशी जोडलेला आहे, कारण जुन्या घरांत फांद्या विणून त्यावर माती लिंपत. म्हणजे आपला कूड! दगडविटांची ती 'माउअर', लॅटिन 'मुरुस'वरून आलेली. बर्लिनची आणि चीनची, दोन्ही इथे माउअर. तिसरा 'वाल', म्हणजे मातीचा उंच बांध, शत्रूला अडवण्यासाठी रचलेला. हा लॅटिन 'वाल्लुम'वरून आला आणि इंग्रजी वॉलही तिथूनच.

वाल्लुमच्या मुळाशी 'वाल्लुस' आहे, म्हणजे रोवलेला खांब, मेढ. रोमन फौज तळ टाकायची तेव्हा भोवती चर खणायची, निघालेली माती आतल्या बाजूला रचायची आणि तिच्यावर मेढी रोवायची. मराठ्यांच्या जुन्या कागदांत याला नेमका शब्द आहे, मेढेकोट. थोडक्यात, इंग्रजी वॉलचा पणजोबा मेढेकोट आहे.

माझ्या घरापासून फार लांब नसलेली रोमन सरहद्द, ऱ्हाईन ते डॅन्यूब सुमारे ५५० किलोमीटर, हेड्रियनच्या काळात खरोखर ओक लाकडाच्या मेढ्यांचीच होती. आज जंगलात मातीची एक अस्पष्ट वरंबी दिसते. पाटी वाचली नाही तर लोक तिच्यावर बसून डबा खातात.

मेरवाला:
लिमेसबद्दल. तो शब्द मुळात शेतातला. दोन जमिनींच्या मधली वाट, हद्द. सैन्याने कापलेला रस्ता, साम्राज्याची कड हे अर्थ पुढे चढले. आपल्याकडे याला देशावर बांध, विदर्भात धुरा आणि आमच्या कोकणात मेर. आणि थोडा मोठा पल्ला घेतला तर शीव. 'सीमा'चीच 'शीव' झाली, तिच्यातून शिवार आलं, शिवेवरचा मारुती आला. मुंबईतलं शीवही तेच सांगतं, मुंबई बेटाची हद्द तिथे संपायची आणि पलीकडे साष्टी. दसऱ्याचं सीमोल्लंघन बोलीत शिलंगण होतं तेही याच कुळातलं.

'सरहद्द' कागदोपत्री वाटतो, नकाशावरचा. लिमेसला पायाखालची माती आहे. मी 'शीव' म्हणेन. 'रोमची शीव'. मुलांना कळेल आणि नवा शब्दही मिळेल.

जुना बाजार:
शीव गोड आहे, पण शिवेवर पहारेकरी नसतो, मारुती असतो. लिमेसवर टेहळणीचे मनोरे होते, छावण्या होत्या, व्यापाऱ्यांना अडवून जकात घेणारे नाके होते. 'चौक्यांची सरहद्द' म्हणा हवं तर.

घाटवाट:
फांजीची कसोटी मला मान्य नाही. गावकुसाला कुठे फांजी असते? तरीही त्याला कुणी नुसती भिंत म्हणत नाही.

मला वाटतं भेद आकाराचा आहे. तट, कोट, कूस, तिन्ही कशाच्या तरी भोवती असतात. त्यांना आत आणि बाहेर असतं. वेस असते, तिच्यातून आत यायचं. ज्यांना कुसाच्या बाहेर ठेवलं त्यांच्यावर त्या 'बाहेर'ने काय लादलं हे 'गावकुसाबाहेर' या एका शब्दात आहे. उलट भिंत मधे असते. दोन भावांच्या वाटणीत भिंत घालतात, कुणी तट घालत नाही. हेड्रियनची भिंत टाइन नदीपासून सॉलवेच्या खाडीपर्यंत, पूर्व किनाऱ्याकडून पश्चिम किनाऱ्याकडे, सुमारे ११७ किलोमीटर सरळ आडवी जाते. ती कशाच्याच भोवती नाही. इ.स. १२२ नंतरच्या त्या कामाचा हेतूही एका जुन्या रोमन चरित्रात तसाच दिलाय, रोमन आणि रानटी यांना वेगळं करण्यासाठी. वाटणीचीच भाषा.

आणि म्हणूनच मराठीत आडव्या, लांबलचक, मुलूख दुभागणाऱ्या बांधकामाला स्वतःचा शब्द नाही. सह्याद्रीत ते कुणी बांधलंच नाही, गरजच नव्हती. डोंगराची रांग हीच आडवी भिंत. घाटांच्या तोंडाशी चौक्या, वर गड, गडाखाली मेटं, म्हणजे पहाऱ्याची ठाणी, आणि गडाभोवतीचा घेरा. आपली सरहद्द म्हणजे ठिपके होते, रेघ नव्हती.

मेरवाला:
रेघ अगदीच नव्हती असं नाही. गोव्यात बारदेशच्या उत्तर बाजूला पोर्तुगीजांनी कोलवाळ ते थिवी अशी किल्ल्यांची आणि खंदकाची ओळ धरली होती, आदिलशाहीच्या आणि पुढे मराठ्यांच्या बाजूने येणाऱ्याला अडवण्यासाठी. संभाजी महाराजांची फौज १६८३ मध्ये तरीही बारदेशात उतरली. पण ती रेघ बाहेरून आलेल्यांनी आखली, हेही खरं.

जुना बाजार:
आकाराची कसोटी घेतली तर चीनचं काय करणार? चिनी भाषेत तिला 'छांगछंग' म्हणतात. 'छांग' म्हणजे लांब. 'छंग' म्हणजे शहराचा कोट, आणि त्यावरून शहरसुद्धा. जसं मुंबईचा म्हातारा माणूस 'कोटात गेलो होतो' म्हणायचा, तेव्हा तट कधीच पाडलेला असायचा. तर छांगछंग म्हणजे 'लांब कोट'. कोटाचा शब्दच ओढून लांबवलाय! मात्र मिंग राजवटीच्या काळातले अधिकारी हा शब्द सहसा टाळत, ते म्हणत 'सीमेची भिंत'. छांगछंग म्हटलं की छिन सम्राटाची आणि त्याच्या वेठबिगारीची आठवण यायची, म्हणून टाळत असं सांगतात.

आणखी एक. मिंग काळाच्या ८,८५० किलोमीटरच्या मोजणीत सुमारे २,२३० किलोमीटर नुसते डोंगर आणि नद्या आहेत, आणि ३५९ किलोमीटर चर. चौथ्या हिश्शापेक्षा जास्त 'भिंत' कुणी बांधलेलीच नाही. २०१२ मध्ये जाहीर झालेला २१,१९६ किलोमीटरचा आकडा तर सगळ्या राजवटींच्या तुकड्यांची बेरीज आहे. मुलांच्या लेखात तो एका अखंड भिंतीची लांबी म्हणून टाकू नका, आधीच चंद्रावरून दिसण्याची थाप पुरेशी झाली.

हायडेलबर्गी:
घाटवाट, तुमच्या नियमाला बर्लिन आडवं येतंय. ती भिंत मधे नव्हती, भोवतीच होती! पश्चिम बर्लिनला चहूबाजूंनी वेढणारी, सुमारे १५५ किलोमीटर. आत-बाहेर होतं, वेशी होत्या, पहारा होता. पूर्व जर्मन सरकार तर तिला अधिकृतपणे 'फॅसिझमविरोधी संरक्षक वाल' म्हणायचं. बघा, मुद्दाम 'वाल', तटवाला शब्द. लोक मात्र माउअरच म्हणाले. तुमच्या व्याख्येने तो तट झाला की.

घाटवाट:
नाही होत. तट आतल्यांचा असतो. आतले बांधतात, आतले त्यावर उभे राहतात, आणि शस्त्राचं तोंड बाहेर असतं. बर्लिनची बाहेरच्यांनी बांधली, आणि स्वतःच्याच माणसांनी पळून जाऊ नये म्हणून. सरकारने तटाचा शब्द वापरला आणि लोकांनी तो नाकारला, यातच उत्तर आलं. भिंत.

कॉन्स्टँटिनोपलबद्दल मात्र कुणाला शंका नसावी. तो तट. बाहेरून खंदक, मग एक बाहेरचा बुटका तट, मग आतला सुमारे १२ मीटर उंच तट, त्याला ९६ बुरूज. बाहेरच्या तटाला 'पडकोट' म्हणू का?

जुना बाजार:
पडकोट मी वापरणार नाही. पद्मदुर्गाला पडकोट आहे, पण तो मुख्य किल्ल्यासमोरचा वेगळा कोट आहे. इथे दोन तट समांतर धावतात. हे संजीवनी माचीच्या चिलखती बांधणीच्या जवळचं आहे. आतला तट, बाहेरचा तट, मधे माणूस फिरेल एवढी जागा. 'चिलखती तट' लिहा, ट्रेकवाल्या पोरांना लगेच डोळ्यांपुढे येईल. ४४७ च्या भूकंपात बुरूज कोसळले तेव्हा हूणांचा राजा अटिलाच्या धास्तीने शहराने जेमतेम दोन महिन्यांत ते पुन्हा उभे केले. त्यानंतर हजार वर्षं तो टिकला, १४५३ पर्यंत. तोफेपुढे चिलखत चाललं नाही.

मेरवाला:
आमच्या बाजूचे दोन शब्द ठेवून घ्या. गडगा, म्हणजे आवाराभोवती दगडावर दगड रचलेला बुटका बांध. आणि वई, म्हणजे काट्याकुट्यांचं कुंपण. तुमच्या लेखमालेत वईला जागा आहे. इंग्रजांनी मिठावरची जकात बुडू नये म्हणून सिंधूपासून पार महानदीच्या बाजूपर्यंत जकातीची रेघ आखली होती, ती बऱ्हाणपूरवरून जायची. त्यातला मोठा भाग म्हणजे जिवंत कुंपण होतं, बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग. जवळजवळ १२,००० माणसं त्या रेघेवर नोकरीला. या खात्याचा काही वर्षं मुख्य होता अॅलन ह्यूम, पुढे काँग्रेसच्या स्थापनेतला तोच. १८७९ मध्ये रेघ मोडली. सैन्यासाठी नव्हे, मिठासाठी घातलेली वई. तिला 'भिंत' म्हणालात तर मात्र भांडेन.

गोलपार्क:
कोलकात्यातून. तुमच्या यादीत आमचा खंदक दिसत नाही! १७४२ मध्ये नागपूरकर भोसल्यांची फौज भास्करराम कोल्हटकरांबरोबर बंगालात आली. इथल्या लोकांनी घाबरून शहराभोवती खंदक खणायला घेतला. सात मैलांचा बेत, तीनेक मैल खणून झाला, मराठे शहरावर आलेच नाहीत, काम थांबलं. अठराव्या शतकाच्या शेवटी तो बुजवून त्याच्या मार्गावर सर्क्युलर रोड झाला. बागबाजारात 'मराठा डिच लेन' अजून आहे. बारगीर या आपल्या शब्दाचं 'बर्गी' होऊन बंगाली अंगाईत जाऊन बसलंय. शेजारीण बाळाला ती म्हणते तेव्हा मी आडनाव सांगत नाही.

जुना बाजार:
मुंबईतही तेच. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि इथल्या व्यापाऱ्यांनी कोटाभोवतीच्या खंदकासाठी ३०,००० रुपये वर्गणी काढली. तीन वर्षांच्या अंतराने कंपनीच्या दोन शहरांत दोन खंदक, कारण एकच. तो कोट १८६०च्या दशकात पाडला, राहिलं ते 'चर्चगेट' नाव. लोकल पकडणाऱ्याला ही वेस होती हे कोण सांगणार!

घाटवाट:
मग शीर्षकं अशी धरते. 'चीनची भिंत' तशीच, कारण 'चीनचा तट' लिहिलं तर मुलं ओळखणार नाहीत. आतल्या मजकुरात मात्र फांजी, चर्या, बुरूज सगळे येतील. 'हेड्रियनची भिंत'. 'कॉन्स्टँटिनोपलचा चिलखती तट'. लिमेसला शीव, आणि पहिल्या वाक्यातच चौक्या. मिठाची वई. आणि 'मराठ्यांचा खंदक'.

गोलपार्क:
शेवटचं नको. 'मराठ्यांचा खंदक' म्हणजे मराठ्यांनी खणलेला असं कुणीही समजेल. हेड्रियनची भिंत हेड्रियनने बांधवली, मराठ्यांचा खंदक मराठ्यांना अडवायला. एकच चा-ची-चे, अर्थ उलटे.

हायडेलबर्गी:
हेड्रियनचंही नाव सुखासुखी लागलेलं नाही. कित्येक शतकं लोक ती दगडी भिंत सेव्हेरस बादशहाची समजत होते, एकोणिसाव्या शतकात ती हेड्रियनच्या नावावर आली. आणि कॉन्स्टँटिनोपलचा तट थिओडोशियस बादशहाचा म्हणतात, तर ४१३ मध्ये तो बारा वर्षांचा होता. काम अँथेमियस नावाच्या कारभाऱ्याचं.

जुना बाजार:
'मराठा खंदक' करा. गावात लोक तसंच म्हणत असणार.

गोलपार्क:
गावात लोक इंग्रजीतलं 'डिच' म्हणत. खुद्द कोलकातेकरांना त्या काळात 'डिचर' हे टोपणनाव पडलं होतं. मराठीत खंदके?