गाडीचा कूलर बंद, मूल्यं पाटीवर

'कंपनीची मूल्यं ऑफिसातल्या पाटीपुरतीच' हे तुमचं म्हणणं निम्मं पटलं. मी लातूरहून अंबाजोगाई, केज, बीडकडे दूध-दही पोचवणाऱ्या गाड्यांचं बघतो. इथं माल भरण्याआधी रिकामी गाडी थंड करूनच घ्यायची असा नियम. डिझेल जळतं, मालक कुरकुरत का होईना पण देतो.

आधीच्या मालकाचा हुकूम उलटा, 'वाटेत कूलर बंद, डिझेल वाचवा'. मे महिन्यात मांजरसुंब्याच्या घाटात गाडी अडकली, श्रीखंडाचे डबे टुम्म फुगले. पैसे कापले कुणाचे? ड्रायव्हरचे! तोच बिचारा पहाटे तीनपासून स्टेअरिंगवर. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात (२०२५ मध्ये त्याच्या जागी नवी श्रम संहिता आली) दिवसाला ८ तासांची मर्यादा होती, लांब पल्ल्याला फार तर १०. असे तास पाळायचे तर दुसरा ड्रायव्हर ठेवावा लागतो, आणि खरी अडचण तिथंच आहे.