मदत हवी आहे : दहा बाय तीनच्या वाफ्यात किती दाटी चालेल?

नमस्कार मंडळी. नाशिकला आमच्या रो हाउसच्या मागे जेमतेम जागा आहे आणि खाली नुसता मुरूम. म्हणून विटा रचून दहा फूट लांब, तीन फूट रुंद, सव्वा फूट उंच वाफा केलाय. रुंदी मुद्दाम तीनच फूट, दोन्हीकडून हात मध्यापर्यंत पोचतो आणि माती तुडवली जात नाही. तळाशी नारळाच्या शेंड्या नि पालापाचोळा, वर लाल माती, घरचं कंपोस्ट, थोडी निंबोळी पेंड.

दिवाळीनंतर लावायचंय. उत्तरेच्या कडेला जाळीवर टोमॅटो आणि वालपापडी, म्हणजे त्यांची सावली बाकीच्यांवर पडणार नाही. पुढे मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर. (वांगीही हवीत असा सासूबाईंचा आग्रह आहे. पण एक झाड केवढी जागा खातं!)

खरा प्रश्न टोमॅटोचा. नर्सरीवाले दोन फूट अंतर सांगतात. बगलफूट (पानांच्या बगलेत येणारे फुटवे) काढत एकाच दांड्यावर वाढवला तर सव्वा फुटावर चालेल का? हवा खेळली नाही तर करपा रोग येईल अशी धास्ती वाटते. रोपं लहान असेपर्यंत मधे मुळा घेतला तर?

दुसरं, मेथी महिनाभरात निघते. त्याच जागी लगेच पालक पेरायचा तर दरवेळी कंपोस्ट किती घालावं? पालापाचोळा कुजून माती खचणारच, तेव्हा वरून नुसतं कंपोस्ट भरलं तर चालेल की मातीही लागेल?

एवढ्याशा जागेत दाट लागवड केलेल्यांनी कृपया सांगा. रासायनिक खत वापरायचं नाहीये.