अनुभव धागा : बोधगयेचं तिपिटक पठण – गट घेऊन जाणाऱ्यांनी लिहावं

धागा सुरू करताना

जयभीम, नमो बुद्धाय. बोधगयेत दरवर्षी २ ते १२ डिसेंबर बोधिवृक्षाखाली आंतरराष्ट्रीय तिपिटक (त्रिपिटक, बौद्धांचे पाली धर्मग्रंथ) पठण भरतं. २००६ मध्ये सुरुवात झाली. थायलंड, म्यानमार, श्रीलंका, कंबोडिया, लाओस, व्हिएतनाम, बांगलादेश, नेपाळ आणि भारतातला भिक्खुसंघ, सोबत उपासक-उपासिका, सगळे एका आवारात बसून मूळ पालीत वाचतात. आपल्याकडच्या विहारांतूनही आता गट निघतात आणि बहुतेक गट त्याच त्या चुका करतात. ‘फार प्रसन्न वाटलं’ हे प्रत्येकालाच वाटतं, ते इथे नको. वेळा, मापं, काय बिघडतं आणि का बिघडतं, एवढंच लिहा.

नागपूर – तिकिटं

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. म्हणजे ३० नोव्हेंबरला निघायचं तर १ ऑक्टोबर, आणि १३ डिसेंबरला परतायचं तर १४ ऑक्टोबर. ही दुसरी तारीख बघा. त्याच दिवशी धम्मचक्र प्रवर्तन दिन, आणि त्या धावपळीत गटाची तिकिटं काढणारा माणूसच नेमका अडकलेला असतो, म्हणून दरवर्षी जायची तिकिटं पक्की आणि यायची वेटिंगवर. सकाळी ८ वाजता दोघांनी दोन ठिकाणांहून तिकिटं काढायला बसावं.

मुंबईकरांसाठी: ‘मुंबई–हावडा मेल’ नावाच्या दोन गाड्या आहेत. नागपूरमार्गे जाणारी गयेला (बोधगयेसाठी उतरायचं ते स्टेशन) जात नाही, प्रयागराजमार्गे जाणारी जाते. नाव बघून तिकीट काढू नका, मार्ग बघा. कोल्हापूरकडून धनबादला जाणारी दीक्षाभूमी एक्स्प्रेस गयेवरून जाते, पण ती आठवड्यातून एकदाच.

डिसेंबरात गंगेच्या पट्ट्यात धुकं असतं. गाडी चार-सहा तास उशिरा पोहोचली तर त्यात नवल नाही. १ तारखेच्या रात्री पोहोचायचा बेत करून २ तारखेच्या सकाळचं संघदान (भिक्खुसंघाला द्यायचं जेवण) अंगावर घेऊ नका. मध्ये एक मोकळा दिवस हवाच.

मुंबई – ६ डिसेंबरचं काय?

पठणाच्या ऐन मध्यावर महापरिनिर्वाण दिन येतो. ज्यांचं चैत्यभूमीला जाणं ठरलेलं असतं ते ४ तारखेलाच निघू पाहतात आणि गट फुटतो. यावर उपाय एकच: गट जमवतानाच २ ते ५ आणि ७ ते १२ अशा दोन तुकड्या करा, प्रत्येकीला स्वतंत्र खजिनदार द्या. एकाच माणसाकडे दोन्ही तुकड्यांचे पैसे ठेवले की हिशेब फेब्रुवारीपर्यंत चालतो. ४-५ तारखेला मुंबईकडे येणाऱ्या आणि ७ ला मुंबईहून सुटणाऱ्या गाड्यांत साध्या डब्यात पाय ठेवायला जागा नसते, म्हाताऱ्यांना त्यात घालू नका.

पुणे – उच्चारांची तयारी

हे लांबणार आहे, पण खरं काम हेच आहे. घरून तयारी न करता गेलेला गट तिसऱ्या ओळीला मागे पडतो आणि मग अकरा दिवस नुसते ओठ हलवतो.

मराठी माणसाला पाली सोपी वाटते, कारण लिपी देवनागरी. अडचण तिथेच आहे. आपण लिहिलेलं मराठीसारखं वाचतो आणि मराठीत मधला ‘अ’ खाल्ला जातो. ‘भगवतो’चं ‘भग्वतो’ होतं, ‘अरहतो’चं ‘अर्हतो’. पालीत प्रत्येक अक्षर पुरं म्हणायचं: भ-ग-व-तो, अ-र-ह-तो. गाथेत मात्रा मोजलेल्या असतात. एक अक्षर गिळलं की तुम्ही बाकीच्यांच्या एक पाऊल पुढे जाता आणि पुढच्या ओळीला थांबून राहता.

दुसरी गोष्ट च आणि ज. मराठीत दोन च आहेत, ‘चार’मधला आणि ‘चाक’मधला. पालीत फक्त ‘चार’मधला. ‘चरथ भिक्खवे चारिकं’ म्हणताना आपल्याकडे हमखास गुरं ‘चरतात’ त्यातला च निघतो, आणि ‘चरथ’च्या शेवटचा थ अर्धा राहतो. एकाच शब्दात दोन चुका! हा शब्द रोज दहा वेळा म्हणा: च-र-थ. ज सुद्धा ‘जेवण’मधला, ‘जाळं’मधला नव्हे.

तिसरी, ‘पञ्ञा’. प्रज्ञा शब्द डोक्यात असल्यामुळे त्यात ‘द्न्य’ घुसतो. इथे द नाही. जीभ टाळूला लावून न्य, आणि तोही जोडीने: पञ्-ञा. जोडाक्षरावर थांबायचं असतं, हे आपण विसरतो. ‘तस्स’ आणि ‘तस’ यांत फरक ऐकू आला पाहिजे.

चौथी, शेवटचा ऱ्हस्व इ. ‘गच्छामि’ लिहिलेलं ऱ्हस्व, आपण म्हणतो ‘गच्छामी’.

एक बाजू आपली भक्कम आहे. पालीतला ळ मराठी जिभेला जन्मजात येतो. ‘सोळस’ म्हणजे सोळा, हे कुणाला सांगावं लागत नाही. उत्तरेकडची मंडळी तिथे ल म्हणतात.

शेजारच्या मंडपातून वेगळं ऐकू येईल, त्याने गडबडू नका. म्यानमारची मंडळी स जवळजवळ इंग्रजी ‘थिंक’मधल्या थ सारखा म्हणतात, च्छ चा स्स होतो. थाई परंपरेत ‘बुद्धं’ जवळपास ‘फुत्थं’ ऐकू येतं. श्रीलंकेचे भन्ते शेवटचा अनुस्वार ‘बुद्धङ’ असा नाकात सोडतात, आपण ओठ मिटून ‘बुद्धम’ म्हणतो. मजकूर एकच, लय ज्याची त्याची. आपल्या मंडपात पुढे बसलेल्या भन्तेंचा आवाज धरायचा.

पुस्तकाबद्दल. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने १९५४–५६ च्या रंगूनच्या छट्ठ संगायनावर (सहाव्या धम्मसंगीतीवर) आधारलेला तिपिटक देवनागरीत काढला आहे, तो घ्या. पण पान क्रमांकावर विसंबू नका. थाई, सिंहली, ब्रह्मी आवृत्त्यांची पानं आपल्याशी जुळत नाहीत. सुत्ताचं नाव आणि त्याची पहिली दोन-तीन पदं वहीत लिहून ठेवा. आणि छापील प्रतच हवी, मोबाइलवरचा मजकूर तिथे कामाचा नाही (कारण खाली कुणीतरी लिहीलच). अक्षर १८ पॉइंट, एका पानावर बारा-चौदा ओळी, स्पायरल बाइंडिंग, म्हणजे मांडीवर उघडं राहतं.

औरंगाबाद – आवाराचे नियम

हो, लिहिते. महाबोधी महाविहाराच्या आवारात मोबाइल नेता येत नाही. बाहेरच्या खिडकीवर जमा करायचा. याचे परिणाम गटाला आत गेल्यावर कळतात: हरवलेल्या माणसाला फोन करता येत नाही, तिकिटाचा फोटो दाखवता येत नाही, वेळ बघायला घड्याळ नसतं. म्हणून प्रत्येकाच्या गळ्यात चिठ्ठी, तीवर उतरण्याच्या ठिकाणाचं नाव आणि गटप्रमुखाचा नंबर. भेटायची एक जागा ठरवा. मुचलिंद तळ्याकडची बाजू मुख्य दारापेक्षा बरी पडते. मनगटी घड्याळ सांगूनसवरून न्यायला लावा.

चप्पल बाहेर. पहाटेच्या संगमरवरावर अनवाणी तासभर बसलं की गुडघे धरतात. जाड मोजे दोन जोड, कारण दवाने एक जोड ओला होतो. बसायला घडीची चटई, तिच्यावर उशी. पांढऱ्या कपड्यांवर पांढरीच शाल हवी असं नाही, पण आतून गरम कपडा लागतोच. संध्याकाळी पाचलाच सूर्य मावळतो आणि त्याच सुमाराला डास सुरू होतात. मलम बसण्याआधी लावा, मध्ये चोळाचोळ नको.

घसा धुळीने आणि उदबत्तीच्या धुराने बसतो, पठणाने नाही. कोमट पाणी थर्मासमध्ये, बाटलीतलं गार नव्हे.

अमरावती – संघदानाचा स्वयंपाक

सगळ्यात मोठी चूक घड्याळाची. भिक्खू माध्यान्हानंतर जेवत नाहीत आणि माध्यान्ह म्हणजे दुपारचे बारा नव्हेत, सूर्य डोक्यावर येण्याची वेळ. डिसेंबरच्या त्या आठवड्यात ही वेळ मुंबईत साधारण १२:३०, नागपुरात १२:०५, पण बोधगयेत ११:४० ते ११:४५. घड्याळ एकच असलं तरी बोधगया पूर्वेला आहे. मुंबईच्या अंदाजाने ‘साडेअकराला पानं वाढू’ म्हणणाऱ्या गटाचं अन्न भांड्यात राहतं, भन्ते काही न बोलता उठतात.

उलटं मोजा. ११:३५ ला जेवण आटोपलेलं, म्हणजे १०:५० ला सुरुवात. त्याआधी शंभर जणांचं विधिवत देणं वीस-पंचवीस मिनिटं, त्याआधी त्रिशरण-पंचशील. तेव्हा १०:१५ ला सगळं मांडून तयार. भात ९ ला चढवा. थंडीत मोठ्या पातेल्याला आधण यायला घरच्यापेक्षा बराच वेळ लागतो.

शंभर भिक्खूंसाठी: तांदूळ १४ किलो, मूग किंवा मसूर डाळ ४ किलो, निवडलेल्या दोन भाज्या मिळून १८ किलो. पोळ्या ७० पुरेत. आग्नेय आशियातली मंडळी भातच घेतात, आपल्या बायका पहाटे तीनला उठून चारशे पोळ्या लाटतात आणि त्या वाया जातात. मसाला अर्धा. तिखट हवं असणाऱ्यांसाठी ठेचा बाजूला, श्रीलंकेची पंगत तो आवडीने घेते. व्हिएतनामच्या महायान संघासाठी कांदा-लसणाशिवायचं एक पातेलं वेगळं, झाऱ्यासकट वेगळं.

देताना दोन्ही हातांनी, अडीच हातांच्या आत उभं राहून. एकदा हातात दिलं की पुन्हा त्या भांड्याला उपासकाने हात लावायचा नाही. लावला तर परत द्यावं लागतं. ‘थोडं सरकवते’ म्हणून ताट सरकवणं हीच नेहमीची चूक. थाई भिक्खू बायकांकडून थेट हातात घेत नाहीत, पुढे कापड पसरतात, त्यावर ठेवायचं. तो अपमान नाही, त्यांची रीत आहे, हे गटातल्या मुलींना आधी सांगा. नाहीतर तिथेच तोंडं पडतात.

आणि संत्री! नागपूरकडचे गट पेट्या घेऊन येतात. बी असलेलं, उगवू शकणारं फळ तसंच देता येत नाही. परात भन्तेंसमोर धरायची, ते म्हणतात ‘कप्पियं करोहि’ (घेण्याजोगं कर), आपण सुरीने किंवा नखाने एका फळाला टोचायचं आणि म्हणायचं ‘कप्पियं भन्ते’. फळं एकमेकांना टेकलेली असली की एक टोचलं तरी सगळ्यांना चालतं, म्हणून परातीत रचून ठेवा, सुटी वाटू नका. दुपारनंतर त्याच संत्र्यांचा रस फडक्याने गाळून देता येतो, उकळायचा मात्र नाही. दुधाचा चहा दुपारनंतर नाही, गूळ चालतो.

नांदेड – पिंडपातासाठी

अमरावतीच्या ताईंशी सहमत, एक भर. पिंडपाताच्या (भिक्खू पात्र घेऊन भिक्षा घेतात त्या) रांगेत पळी लहान हवी. पाचशे भिक्खू, प्रत्येकी ५० ग्रॅम शिजलेला भात धरला तर २५ किलो भात, म्हणजे कोरडा तांदूळ नऊ-दहा किलो. उत्साहात पहिल्या पन्नास जणांना दोनशे-दोनशे ग्रॅम वाढला जातो, त्यांची पात्रं तिथेच भरतात आणि शेवटच्या दीडशेंना पळी रिकामी. पात्रात रोख पैसे टाकू नका. द्यायचेच असतील तर विहाराच्या व्यवस्थापकाकडे पावतीने.

अमरावती

लहान पळी बरोबर, पण भातापेक्षा पिंडपाताला बंद पाकिटं बरी. पात्रात भात, केळं आणि बिस्किटं एकत्र झाली की काहीच धड राहत नाही.

नांदेड

प्लॅस्टिकचा कचरा कोण उचलणार तेही ठरवा मग.

अकोला – १३ डिसेंबर, जेठियन ते राजगीर

पठण संपल्यावर बरेच जण दुसऱ्या दिवशी जेठियनच्या खोऱ्यातून राजगीरच्या वेळुवनापर्यंत चालतात. राजा बिंबिसार भगवंतांना लट्ठिवनात भेटला, तो हा परिसर. अंतर साधारण १३ ते १५ किलोमीटर, वाट खडकाळ, चपलेने अंगठे फुटतात. नवे बूट त्याच दिवशी घालू नका.

बसवाल्याशी आधीच ठरवायचं की गटाला जेठियनला सोडून रिकामी बस वळसा घालून राजगीरला यायला हवी. हे भाडं ठरवताना सांगितलं नाही तर ड्रायव्हर जेठियनलाच झोपून राहतो आणि गट संध्याकाळी राजगीरला अंधारात. गटाचे मोबाइल त्या दिवशी सोबत असतात, पण चार्ज केलेले असतील असं धरू नका, ड्रायव्हरचा नंबर कागदावर दोघांकडे.

गुडघ्याचा त्रास असलेल्यांनी बसनेच राजगीरला जावं आणि वेळुवनात पाणी, गूळ-शेंगदाणे घेऊन बसावं. चालून येणाऱ्यांना आल्या आल्या तेच लागतं.