मतपत्रिकेवरील प्रश्नाचा 'सारांश' की 'गोषवारा'?

प्रश्न : माझी आई यंदा कॅलिफोर्नियात पहिल्यांदाच मतदान करणार आहे. तेथे उमेदवारांबरोबरच कायद्याच्या प्रस्तावांवरही 'हो' किंवा 'नाही' असे मत द्यावे लागते. पानेच्या पाने भरणारा मसुदा कोणी वाचत नाही; बहुतेक जण वाचतात ते ॲटर्नी जनरलने, म्हणजे राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याने, दिलेले शीर्षक आणि त्याखालचे जास्तीत जास्त १०० शब्दांचे टिपण. तिला हे मराठीत समजावून देताना त्या टिपणाला 'सारांश' म्हणावे का?

उत्तर : माझ्या मते म्हणू नये. सार कोणते आणि चोथा कोणता, हे सारांश काढणारा ठरवतो, आणि येथे तो काढणारा स्वतः पक्षाच्या बळावर निवडून आलेला असतो. 'गोषवारा' हा जमाखर्चाच्या वहीतला शब्द आहे. त्यात रकमा एकत्र करता येतात, पण एखादी बाब गाळून चालत नाही, कारण बेरीज मूळ वहीशी जुळावी लागते. तेथील कायद्यालाही हेच हवे आहे : टिपण खरे आणि निःपक्षपाती असावे, त्यात कोणत्याही बाजूचा युक्तिवाद नसावा. तरीही २००८ मध्ये, विवाह फक्त स्त्री-पुरुषांपुरता ठेवू पाहणाऱ्या आठव्या प्रस्तावावर तंटा झालाच. सह्या गोळा होत असताना शीर्षकात विवाहावरील मर्यादेचा उल्लेख होता; मे महिन्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता दिल्यावर ॲटर्नी जनरल जेरी ब्राउन यांनी 'समलिंगी जोडप्यांचा विवाहाचा हक्क रद्द करतो' अशा अर्थाचे शीर्षक दिले. प्रस्तावाचे समर्थक न्यायालयात गेले, पण शीर्षक कायम राहिले. मला ते योग्य वाटते, कारण तोवर हक्क खरोखरच अस्तित्वात आला होता.

दुसरे उत्तर : गोषवारा चोख असला तरी प्रश्नच झुकलेला असू शकतो. स्कॉटलंडच्या २०१४ च्या सार्वमतासाठी 'स्कॉटलंड स्वतंत्र देश असावा, याच्याशी आपण सहमत आहात का?' असा प्रश्न योजला होता. 'सहमत आहात का' हे शब्द होकाराकडे ओढतात म्हणून निवडणूक आयोगाच्या सल्ल्याने ते काढले गेले. आपल्याकडे १६ जानेवारी १९६७ च्या गोव्यातील मतदानाला 'जनमत कौल' म्हणतात, आणि हा शब्द मला फार नेमका वाटतो. देवळात कौल लावताना आधी गाऱ्हाणे घालून प्रश्न मोठ्याने उच्चारतात आणि उजवी पाकळी पडली तर काय, डावी पडली तर काय, हे अगोदर ठरवून घेतात. गोव्याच्या मतपत्रिकेवर फूल हे चिन्ह म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण आणि दोन पाने म्हणजे केंद्रशासित प्रदेश, एवढाच गोषवारा होता, आणि तो निरक्षरालाही कळत होता. वेगळे राज्य हा पर्याय मात्र त्यात नव्हता. ते १९८७ मध्ये झाले.

प्रश्नकर्ती : 'गोषवारा' हाच शब्द घेतला. तो वाचून आईने विचारले, "'हो' म्हटले तर आज आहे त्यातले काय बदलेल, आणि 'नाही' म्हटले तर काय तसेच राहील?" टिपणाखाली आता त्या दोन ओळी वेगळ्या लिहिते आहे.