मदत हवी आहे: कंटेनर बनवणाऱ्या टूलचं वर्णन एआय एजंटसाठी कसं लिहावं?

मुलुंडकर:
ऑफिस बॅलार्ड इस्टेटला, काम मालवाहतुकीच्या सॉफ्टवेअरचं. एजंटला (टूल वापरून कामं करणाऱ्या एआयला) कोड चालवून बघायला वेगळी जागा मिळावी म्हणून डॉकरवर (प्रोग्रॅम वेगळ्या बंदिस्त वातावरणात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारं सॉफ्टवेअर) बसवलेलं एक टूल केलंय, नाव 'क्रिएट_कंटेनर'. एजंट नाव, इमेज (कंटेनर ज्यावरून बनतो तो तयार साचा), कमांड, पोर्ट (नेटवर्क जोडणीचा क्रमांक) आणि मेमरी देतो, टूल कंटेनर सुरू करून आयडी परत देतं. माणसांसाठीचं दोन पानी रीडमी (टूलची माहिती देणारी फाइल) वर्णनात जसंच्या तसं टाकलंय. तीन ठिकाणी अडतंय:

१. नाव आधीच वापरात आहे अशी एरर आली की एजंट टेस्ट-१, टेस्ट-२ करत नवे बनवत सुटतो. जुने तसेच पडून राहतात.

२. नुसती उबुंटू लिनक्सची इमेज देतो, कमांड देत नाही. आयडी मिळाला म्हणजे झालं असं समजून पुढे जातो. कंटेनर तोवर बंद पडलेला असतो.

३. 'न्हावा शेवाहून ४० फुटी कंटेनर बुक कर' म्हटलं तरी हेच टूल उचलतो!

वर्णन आणखी सविस्तर करू की कमी?

गिरगावकर:
रीडमी काढूनच टाका. त्यात टूल कसं बसवायचं ते असतं, एजंटला ते बसवायचं नाहीये. त्याला कधी वापरायचं, काय द्यायचं, काय परत येईल आणि बिघडलं तर पुढे काय, एवढंच लागतं.

तिसरी अडचण आधी, कारण ती नावातच आहे. तुमच्या धंद्यात कंटेनर म्हणजे लोखंडी पेटी. नाव 'सँडबॉक्स_सुरू' करा आणि वर्णनाची सुरुवात अशी ठेवा: 'कोड किंवा चाचण्या चालवण्यासाठी सर्व्हरवर वेगळं लिनक्स वातावरण सुरू करतं. जहाजाच्या मालपेटीच्या बुकिंगसाठी वापरू नये, त्यासाठी बुकिंगचं टूल आहे.' कधी वापरू नये हे वाक्य बहुतेक जण गाळतात आणि तिथेच फसतात.

प्रत्येक पॅरामीटरला प्रकार, एकक, न दिल्यास काय धरलं जाईल आणि एक उदाहरण हवंच. मेमरीचंच घ्या. डॉकरला नुसतं ५१२ दिलं तर तो ५१२ बाइट समजतो आणि किमान ६ एमबी हवी म्हणून नाकारतो. म्हणून पॅरामीटरचं नावच 'मेमरी_एमबी' ठेवा, पूर्णांक घ्या, पुढचं 'एम' अक्षर टूलने जोडावं. पोर्टची जोडी मागूच नका, होस्ट (मूळ सर्व्हर) आधी की कंटेनर आधी यात उलटापालट होते. फक्त कंटेनरमधलं पोर्ट घ्या, होस्टचं डॉकरला निवडू द्या आणि उत्तरात सांगा. बांधणी १२७.०.०.१ (फक्त त्याच सर्व्हरवरून पोहोचता येणारा पत्ता) वरच करा, नाहीतर ते सगळ्या नेटवर्कला उघडं पडतं.

इमेजसाठी मोकळा मजकूर नको, ठरलेली यादी द्या. 'लेटेस्ट' टॅग (आवृत्तीची खूण) त्यात नको, तो आज एक आणि महिन्याने दुसरंच देतो.

मुलुंडकर:
धन्यवाद. पहिल्या दोन अडचणींचं काय? आपोआप साफ व्हावं म्हणून डॉकरचा 'आरएम' पर्याय (कंटेनर थांबताच पुसणारा) लावलाय.

गिरगावकर:
तो काढा. कंटेनर थांबला की त्याच्यासोबत लॉग (चालताना छापलेल्या ओळी) आणि एक्झिट कोडही (संपताना मिळणारा आकडा) जातात, मग एजंटला कारण कुठून कळणार? टूलने बनवलेल्या कंटेनरना लेबल लावा आणि ठरावीक वेळाने त्या लेबलचे थांबलेले कंटेनर पुसा.

उबुंटूचा कंटेनर कमांडशिवाय मागे चालवला की बॅश (कमांड घेणारा प्रोग्रॅम) सुरू होतं, टर्मिनल नसल्यामुळे लगेच संपतं आणि एक्झिट कोड येतो ०. म्हणजे डॉकरच्या दृष्टीने सगळं ठीक! कमांड सक्तीची करा. सुरू केल्यावर दोन सेकंद थांबा आणि आयडीबरोबर स्थिती, एक्झिट कोड, लॉगच्या शेवटच्या २० ओळी परत द्या.

एक्झिट कोडचे अर्थ वर्णनात कोंबू नका, एररच्या उत्तरातच द्या, कारण एजंटला ते त्याच क्षणी हवे असतात. १२५ म्हणजे डॉकरनेच नाकारलं, १२६ कमांड आहे पण चालवता येत नाही, १२७ कमांड सापडली नाही. १३७ आलं की मेमरी संपली असं ठोकून लिहू नका. थांबायला सांगूनही प्रक्रिया दहा सेकंदांत थांबली नाही तरी तोच कोड येतो. डॉकरच्या इन्स्पेक्ट कमांडच्या उत्तरात 'ओओएम-किल्ड' (मेमरी संपल्यामुळे बंद केलं) खरं आहे का ते टूलने बघावं आणि मगच 'मेमरी_एमबी वाढवा' म्हणावं.

नावाच्या एररला, तो कंटेनर चालू असेल तर, उत्तर असं: 'या नावाचा कंटेनर चालू आहे, आयडी अमुक. तोच वापरा. नवा बनवू नका.' नाव आणि सेटिंग तीच असतील तर एरर न देता आहे तोच परत दिलात तर उत्तमच.

एक मात्र वर्णनावर सोडू नका: डॉकरचं सॉकेट (डॉकरला हुकूम देण्याचं दार) आत जोडणं आणि प्रिव्हिलेज्ड मोड (कंटेनरला सर्व्हरचे जवळपास सगळे अधिकार देणं). सॉकेट हाती आलं म्हणजे सर्व्हरचं रूट (सर्वाधिकार) हाती आलं. 'हे करू नये' लिहून भागत नाही, कोडमध्येच बंद करा.

मुलुंडकर:
वर्णन बदलल्यावर तपासायचं कसं?

गिरगावकर:
दहा-बारा विनंत्या लिहून ठेवा. तीन-चार अशा घ्या की टूल वापरलंच जाऊ नये, त्यात तुमची ४० फुटीवाली पहिली. प्रत्येक बदलानंतर सगळ्या चालवा आणि एजंटने पाठवलेले पॅरामीटर नजरेखालून घाला. शेवटचं उत्तर बरोबर दिसलं तरी आत तीनदा आपटून चौथ्यांदा जमलेलं असू शकतं. जिथे आपटला, ती ओळ वर्णनात किंवा एररमध्ये दुरुस्त करा.