जर्मन जावयाचं कौतुक आता पुरे

सांगलीची लेक
काल इथे एका बाईंनी लिहिलं, "मराठी मुलींनी सरळ जर्मन नवरा करावा. भांडी घासतो, सासूला मिठी मारतो, मानपान काही नाही." रात्रभर तेच डोक्यात घोळलं, म्हणून लिहिते.

माझा नवरा अगदी तसाच आहे. आईबाबा म्युनिकला आले तेव्हा रोज सकाळी आईला आल्याचा चहा त्याने नेऊन दिला. मारिएनप्लाट्झ चौकातल्या घड्याळाच्या बाहुल्या 11 वाजता नाचतात, त्या दाखवायला गर्दीतून तिचा हात धरून घेऊन गेला. सांगलीत पुरणपोळीवर तूप घेताना "थोडं अजून" म्हणाला आणि मावशी विरघळलीच. 7 वर्षांत एवढंच मराठी शिकलाय. मी बी-टूपर्यंत, म्हणजे सफाईने बोलता येईल इतकं जर्मन शिकले, नोकरी सांभाळून, रात्री जागून.

फेब्रुवारीत बाबांची बायपास ठरली. म्हटलं, आठ दिवस चल. तर टिरोलचं स्कीइंगचं बुकिंग, पैसे परत मिळणार नाहीत! 2 वर्षांच्या मुलीला घेऊन एकटी आले. ऑपरेशनच्या दिवशी त्याने बर्फातून व्हिडिओ कॉल केला, हात हलवला, आईला छान हसून दाखवलं. आई म्हणाली, "किती काळजी करतो गं!" मी आयसीयूबाहेरच्या बाकावर मुलीला मांडीवर घेऊन बसले होते. काय बोलणार?

कृष्णाकाठ
ताई, वाचून वाईट वाटलं. पण यात जर्मन काय आहे? माझे हे साताऱ्याचेच. माझ्या वडिलांच्या दहाव्याला आले नाहीत. ऊसतोड चालू होती म्हणे.

स्टुटगार्टकर
13 वर्षं इथे आहे. सासऱ्याच्या ऑपरेशनला जावयाने जायची इथे रीत नाही. जर्मन माणसाला स्पष्ट सांगावं लागतं. तुम्ही अपेक्षा मनात ठेवलीत आणि आता दोष देताय.

सांगलीची लेक
मनात? रडून सांगितलं, जर्मनमध्ये. त्याच्या आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला मी सहा आठवडे आउग्सबुर्गला ये-जा केली, ती कुणाची रीत? आणि टॅक्स क्लासचं काय? लग्नानंतर गोड बोलून सही घेतली. तो 3, मी 5, म्हणजे त्याच्या पगारातून कर कमी कापायचा, माझ्यातून जास्त. माझा पगार हातात निम्म्याच्या आसपास यायला लागला. बाळंतपणात एल्टर्नगेल्ड, म्हणजे बाळासाठी रजेवर असताना सरकार देतं तो भत्ता, त्यावरच ठरलं. वर्षाचा रिफंड मात्र त्याच्या खात्यात.

स्टुटगार्टकर
3-5 हे साधं गणित आहे. रिटर्न भरलं की वर्षाचा कर तेवढाच. माझी बायकोही 5 मध्येच आहे, तिची कधी तक्रार नाही.

हिशेबनीस
दादा, तक्रार नाही की तिला कुणी विचारलंच नाही? कर वर्षअखेरीस जुळतो, एल्टर्नगेल्ड जुळत नाही. ते हातात येणाऱ्या पगारावर, साधारण 65 टक्के, महिन्याला 300 ते 1800 युरो. बेकारभत्त्याचंही तसंच. माझे दर महिन्याला साडेतीनशे युरो गेले. क्लास बाळंतपणाच्या बराच आधी बदलावा लागतो, हे मला कुणीही सांगितलं नाही.

स्टुटगार्टकर
माझ्या बायकोला मध्ये आणायचं काम नाही.

हिशेबनीस
तुम्हीच आणलंत.

कृष्णाकाठ
अहो, ती बाई बापाच्या आजारपणाचं सांगतेय आणि तुम्ही कर काय मोजत बसलात!

हिशेबनीस
मोजायलाच हवा, त्यातच तिचे पैसे गेलेत. ताई, 3-5 मधून 4-4 मध्ये, म्हणजे दोघांना सारख्या क्लासमध्ये, जायला 2018 पासून एकाचा अर्ज पुरतो, त्याची सही लागत नाही. आणि व्हिसा नवऱ्यामुळे मिळालेला असला तरी इथे 3 वर्षं एकत्र संसार झाला असेल तर वेगळं झाल्यावरही राहता येतं. भीतीपोटी गप्प बसू नका.

स्टुटगार्टकर
एकाच्या अर्जावर होतं हे मला माहीत नव्हतं. एल्टर्नगेल्डचं मान्य, तेवढंच. जर्मन माणूस वाईट, हे मात्र मी ऐकून घेणार नाही.

सांगलीची लेक
तसं मी कुठे लिहिलंय? मी एका माणसाबद्दल लिहिलं. त्याचा गोडवा खोटाही नाही, पण बघणारं कुणी असलं तरच तो बाहेर येतो.

आज एल्स्टरवर, कर खात्याच्या पोर्टलवर, 4-4 चा अर्ज भरला. त्याला अजून सांगितलेलं नाही. भरत होते तेवढ्यात आईचा फोन आला. शेजारचा मुलगा म्युनिकला येतोय, त्याच्याबरोबर जावयासाठी बेसनाचे लाडू पाठवू का? मी हो म्हटलं.