फिक्स्ड-लेआउट ईपब: फॉन्ट गायब, जोडपान फाटतं

पाखरूवाट, फोंडा
चोडणच्या पक्षी अभयारण्यावरचं ३२ पानी चित्रपुस्तक इनडिझाइन या पानजुळणीच्या सॉफ्टवेअरमधून फिक्स्ड-लेआउट ईपब ३ (मजकूर-चित्रं जागच्या जागी ठेवणारं ई-पुस्तक) म्हणून काढलंय. संगणकावर चोख दिसतं. टॅबलेटच्या एका ॲपमध्ये मात्र मुक्ता फॉन्ट जाऊन भलताच येतो, ओळी चित्रावर चढतात. दुसऱ्यात फॉन्ट ठीक, पण रायबंदरच्या फेरीबोटीचं जोडपान (समोरासमोरच्या दोन पानांवरचं एकच चित्र) फाटून अर्धी बोट मागच्या पानाशी जाते. शीर्षकांची शिरोरेघही (अक्षरांवरची आडवी रेघ) तुटते. एक्सपोर्टनंतर फक्त ओपीएफमधला (पुस्तकाची माहिती आणि पानांची यादी असलेल्या फाइलमधला) आयडेंटिफायर, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, काढून आयएसबीएन घातला.

खिळेजुळणी
तिथेच फॉन्ट गेला. कुणी फॉन्ट उचलू नये म्हणून इनडिझाइन एक्सपोर्ट करताना त्याचे पहिले १०४० बाइट विस्कटून ठेवतं आणि त्याची किल्ली पुस्तकाच्या युनिक आयडेंटिफायरवरून बनते. तो बदलला की किल्ली लागत नाही, ॲप मुकाट्याने दुसरा फॉन्ट लावतं.

मुक्ता ओपन फॉन्ट लायसन्सखाली, म्हणजे सर्वांना खुला आहे, लपवायची गरजच नाही. ईपब ही झिप फाइलच असते; ती उलगडा, फॉन्ट फोल्डरमध्ये मूळ टीटीएफ (फॉन्टची फाइल) त्याच नावाने ठेवा आणि मेटा-इन्फ फोल्डरमधली, विस्कटलेल्या फॉन्टची नोंद असलेली एन्क्रिप्शन फाइल उडवा. परत झिप करताना 'माइमटाइप' फाइल सर्वांत आधी आणि कॉम्प्रेस न करता. नाहीतर ईपबचेक हे तपासणीचं साधन अडवतं. मॅकवर उजव्या क्लिकने झिप करू नका, हा क्रम राहत नाही.

ओपीएफवाला, म्हापसा
अख्खी एन्क्रिप्शन फाइल सरसकट उडवू नका. शीर्षकाला विकतचा फॉन्ट असेल तर त्याची नोंद राहायलाच हवी. त्यापेक्षा जुना आयडेंटिफायर परत घाला आणि आयएसबीएन दुसरा आयडेंटिफायर म्हणून खाली जोडा. पुढच्या वेळी एक्सपोर्टच्या मेटाडेटा खिडकीतच भरा.

जोडपानासाठी ओपीएफच्या स्पाइनमधल्या (पानांच्या क्रमाच्या यादीतल्या) प्रत्येक आयटमरेफला, म्हणजे पानाच्या नोंदीला, 'पेज-स्प्रेड-लेफ्ट' किंवा 'राइट' लिहा. नसेल तर ॲप आपल्या मनाने जोड्या लावतं: कुणी मुखपृष्ठ एकटं धरतं, कुणी पहिल्या पानाशी जोडतं, आणि पुढचं सगळं एकेका पानाने सरकतं. दोन्ही पानांच्या व्ह्यूपोर्टची (पानाच्या चौकटीची) मापंही तंतोतंत सारखी हवीत, नाहीतर बोटीचा काठ जुळणार नाही.

पाखरूवाट, फोंडा
शीर्षकाचा फॉन्टही मुक्ताच. मग शिरोरेघ?

खिळेजुळणी
शीर्षकाला ट्रॅकिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) दिलं असणार. ईपबच्या सीएसएसमध्ये (मांडणीच्या फाइलमध्ये) त्याचं लेटर-स्पेसिंग होतं आणि अक्षराअक्षरांत फट पडते. देवनागरीला ट्रॅकिंग द्यायचंच नाही. ते शून्य करा, परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर (इनडिझाइनमधली भारतीय लिप्या नीट जुळवणारी सोय) लावा, पुन्हा एक्सपोर्ट करा. एक्सएचटीएमएलमध्ये (पानांच्या फाइलींमध्ये) भाषा 'एमआर', म्हणजे मराठी, आहे ना तेही बघा. 'एचआय' (हिंदी) राहिली तर मराठी रूपं असलेल्या फॉन्टमध्येसुद्धा ल आणि श हिंदी वळणाचे येतात.